एकोणीस नंबरची गल्ली

किनलॅथी, फाइफ
५ सप्टेंबर १८५४

वॉल्टर गौर्ली साहेब, तपासनीस, नकाशा खाते, एडिनबरा यांस,

किनलॅथी गावाची नावांची वही सोबत पाठवत आहे. एकूण चौतीस रस्ते आणि गल्ल्या. प्रत्येकाचं नाव, लोक ते किती तऱ्हांनी लिहितात, थोडक्यात वर्णन आणि तीन साक्षीदार, असं आपल्या सूचनेप्रमाणे सगळं भरलं आहे. मी या कामावर नवा आहे. त्यातून लॅनार्कचा, म्हणजे समुद्रापासून लांबचा माणूस. चुका असतील, सांभाळून घ्या.

साक्षीदार मिळवणं हेच खरं काम आहे, हे मला इथे येऊन कळलं. डूकॉट गल्लीचं नाव पाद्री एका तऱ्हेने लिहितात, शाळामास्तर दुसऱ्या. दोघांनी माझ्यासमोर भर रस्त्यात अर्धा तास भांडण केलं. शेवटी शेजारची कोळीण म्हणाली, "अहो, तिथला कबुतरखाना पडून तीस वर्षं झाली. कबुतरंच नाहीत, तर स्पेलिंग कुणाला हवंय?" मी मास्तरांचं स्पेलिंग घेतलं आहे, कारण पाद्रींचं अक्षर लागत नाही.

फक्त एकोणीस नंबरबद्दल थोडी शंका आहे. नोंद अशी केली आहे: "कर्क गल्ली. चर्चपासून समुद्राकडे उतरणारी अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना दुमजली घरे, अवस्था साधारण. हिला लोक स्टीकिट गल्ली, म्हणजे बंद गल्ली असेही म्हणतात, खालचे तोंड भिंतीने बंद असल्यामुळे." साक्षीदार पाद्री मॉन्क्रिफ, नगराध्यक्ष ऑक्टरलोनी आणि पोस्टमास्तर साइम. तिघेही म्हणतात कर्क, म्हणजे चर्चची गल्ली. गल्लीत राहणारे मात्र एकजात स्टीकिट म्हणतात. कोणतं ठेवायचं ते कळवावं.

आपला आज्ञाधारक,
आर्ची टेनंट


एडिनबरा
८ सप्टेंबर १८५४

टेनंट,

वही मिळाली. अक्षर चांगले आहे. वर्णनात "सुंदर", "रमणीय" वगैरे शब्द चार ठिकाणी आले आहेत, ते काढा. नकाशा सैन्यासाठी आहे. रस्ता सुंदर आहे की नाही हे त्यांना ठरवू द्या, आपण तो किती रुंद आहे ते सांगायचे.

नंबर ७, १२ आणि २६ मध्ये साक्षीदारांची संख्या अपुरी. बेकर आणि बेकरची बायको हे दोन साक्षीदार होत नाहीत, ते एकच घर आहे.

नंबर १९. खालचे तोंड भिंतीने बंद नाही. सात पायऱ्या उतरून थेट किनाऱ्यावर जाता येते. दुरुस्त करा. तीन प्रतिष्ठित साक्षीदार असताना शंकेला जागा नाही: कर्क गल्ली हे नाव कायम. लोकांचे नाव आणि त्याचा अर्थ दोन्ही खोडून टाका.

त्याच गल्लीत डाव्या हाताला बाहेरून दगडी जिना असलेले एक घर असावे. ते उभे आहे की पडले ते पाहून कळवा.

वॉ. गौर्ली


किनलॅथी
१२ सप्टेंबर १८५४

गौर्ली साहेबांस,

पायऱ्या आहेत! मी आधी पाहिल्या नव्हत्या, कारण तळाशी खेकड्यांच्या टोपल्यांचा ढीग पडला आहे आणि त्यामागे भिंतीचा तुकडा उभा आहे. टोपल्या हलवून मोजल्या तर पाच भरल्या. म्हटलं, साहेब चुकले. मग खाली वाळू उकरली, आणखी दोन निघाल्या. साहेब, मोजणीच्या कागदावर या पायऱ्या नाहीत. तुम्हाला एडिनबरात बसून कशा दिसल्या?

जिन्याचं घरही उभं आहे. छप्पर गळतंय, पण जिना भक्कम. वरच्या मजल्यावर एक म्हातारी राहते, जाळी दुरुस्त करते. नाव कर्स्टन डौई. वय सत्तर सांगते, पण सांगताना माझ्याकडे अशी बघते, की जणू खोटं ठरवून दाखव बघू.

तिच्याशी बोलणं झालं ते तसंच देतो. मी टोपी काढून विचारलं, "आजी, या कर्क गल्लीत तुम्ही किती वर्षं राहताय?"

"कर्क गल्ली? ती कुठेशी आली?"

"हीच की."

"ही स्टीकिट."

"हो, पण स्टीकिट का? ही तर दोन्हीकडून उघडी आहे."

"बंद केली होती म्हणून."

"कुणी?"

"रस्ते स्वतःची नावं विसरतात म्हणून तुला पाठवलंय, की माणसं विसरावीत म्हणून?" असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

खालच्या घरात पीपं बनवणारा रॅनी राहतो. त्याला विचारलं तर तो रंधा मारतच राहिला. वरच्या बाजूला, बाजारात विचारलं तर प्रत्येक जण "भिंत आहे ना तिथे, म्हणून" असं म्हणतो, आणि लगेच हवापाण्यावर बोलायला लागतो. मला यात काहीतरी आहे असं वाटतं. निदान दोन्ही नावं ठेवू द्यावीत, ही विनंती.

टेनंट


एडिनबरा
१४ सप्टेंबर १८५४

टेनंट,

पायऱ्या बंदराच्या एका जुन्या आराखड्यात आहेत. त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही.

नंबर १९ बद्दल माझा निर्णय तुम्हाला कळवला आहे. थंडीआधी तुम्हाला अजून दोन गावे उरकायची आहेत. एका गल्लीत इतके दिवस घालवणे परवडणारे नाही.

त्या बाईंना पुन्हा त्रास देऊ नये.

घराच्या अवस्थेची नोंद मात्र पूर्ण हवी. वर त्या एकट्याच राहतात का, जिना त्यांना चढता येतो का, छप्पर गळते म्हणजे नेमके कुठे गळते, एवढे कळवावे.

वॉ. गौर्ली


किनलॅथी
२१ सप्टेंबर १८५४

गौर्ली साहेबांस,

आज थोडं स्पष्ट लिहिणार आहे. राग आला तर माझ्या नोकरीवर काढा, पण पत्र पूर्ण वाचा.

रविवारी नगराध्यक्ष ऑक्टरलोनींनी मला जेवायला बोलावलं. मटण कापता कापता ते म्हणाले, "मग, तुमच्या कचेरीने कर्क गल्लीच नक्की केली म्हणे." मी कुणालाही बोललो नव्हतो. मग वाटलं, पोस्टमास्तर साइमकडून गेलं असेल, किंवा तुमच्याकडून. तुमची आणि त्यांची ओळख आहे का, एवढं सरळ विचारतो. कारण या गल्लीचं प्रकरण आता मला कळलं आहे, आणि नाव खोडण्यात सगळ्यात जास्त सोय त्यांचीच आहे.

झालं असं. सोमवारी मी जिन्याची उंची मोजत होतो आणि पाऊस आला. वरून आवाज आला, "वर ये! भिजून मेलास तर माझ्या दारात मरू नकोस, इथे पुरेशी मेलीत." मी तिला त्रास द्यायला गेलो नव्हतो, साहेब. तिने बोलावलं.

तिने मला ओट्सची लापशी दिली आणि जाळं विणत सांगत राहिली. बावीस सालचा... नव्हे, चुकलो, बत्तीस सालचा ऑगस्ट. बावीस वर्षं झाली. गल्लीत उतरलेल्या एका खलाशाला पटकी झाली. तिसऱ्या दिवशी आणखी दोघांना. नगरपालिकेने हुकूम काढला आणि गल्लीची दोन्ही तोंडं फळ्या ठोकून बंद केली. आत सेहेचाळीस माणसं. तीन दिवसांसाठी म्हणून सांगितलं होतं, एकोणीस दिवस ठेवली. पाद्रींच्या आवारातून भिंतीवरून टोपलीत भाकरी आणि पाणी सोडायचे. फळ्या काढल्या तेव्हा बत्तीस जण बाहेर आले. त्यातल्या काहींना उचलून आणावं लागलं. तिचा नवरा पाचव्या दिवशी गेला, मुलगी आयली नवव्या दिवशी.

मी विचारलं, "फळ्या कुणी ठोकल्या?"

"माझ्या मुलाने," ती म्हणाली. भरती कधी येणार हे सांगावं तितक्या सहज. मुलगा सुताराकडे कामाला होता. मालकाला हुकूम आला, मालकाने याला पाठवलं.

"तो कुठे आहे आता?"

"गेला."

"वारला?"

"मला काय ठाऊक."

त्या वेळचे नगराध्यक्ष आत्ताच्या नगराध्यक्षांचे वडील. मी ते विचारायला पुन्हा त्यांच्याकडे गेलो. ते ओरडले वगैरे नाहीत. म्हणाले, "गल्लीबाहेर या गावात किती मेले ठाऊक आहे? दोन. माझ्या वडिलांनी गाव वाचवलं, आणि मरेपर्यंत त्या रस्त्याने चर्चला गेले नाहीत. आता पुरे झालं." त्यांची ही बाजूही मी लिहितो आहे.

पण "भिंत आहे म्हणून" असं मी माझ्या हाताने लिहिलं होतं, ते खोटं आहे. आणि नुसतं कर्क लिहिलं तर तेही अर्धं खोटं. निर्णय फिरवा, अशी माझी विनंती आहे.

घराबद्दल: एकटीच राहते. जिना चढते, कठड्याला धरून, मधे एकदा थांबते. छप्पर पलंगाच्या पायथ्याशी गळतं, तिथे तिने बादली ठेवली आहे.

टेनंट


एडिनबरा
३ ऑक्टोबर १८५४

टेनंट,

उत्तराला उशीर झाला. मी काही दिवस कचेरीत नव्हतो.

सध्याचे नगराध्यक्ष ऑक्टरलोनी यांच्याशी माझा कसलाही पत्रव्यवहार नाही. तुमच्या प्रश्नाबद्दल राग नाही.

निर्णय बदलत नाही. त्या फळ्या बावीस वर्षांपूर्वी निघाल्या. आज रस्त्यावर जे आहे ते नकाशा दाखवतो, एके काळी तिथे काय होते ते दाखवणे त्याचे काम नाही. असे प्रत्येक गल्लीचे दुःख लिहीत बसलो तर वह्यांना गाडे लागतील. त्या पंधरा वर्षांच्या मुलीची हकीकत वहीत आल्याने कुणाचे काय भले होणार आहे? तिच्या आईचे तर नाहीच.

मुलाबद्दल त्या बाई आणखी काही बोलल्या असल्यास ते कोणत्याही नोंदीत घेऊ नये.

ऑक्टोबरअखेर वही परत हवी.

वॉ. गौर्ली


किनलॅथी
६ ऑक्टोबर १८५४

गौर्ली साहेब,

आयलीचं वय मी लिहिलं नव्हतं.

माझ्या पत्रांची नक्कल मी ठेवतो, ती काढून दोनदा वाचली. "मुलगी आयली" एवढंच आहे. पंधरा मला स्वतःलाच माहीत नव्हतं. परवा आजीला विचारलं तेव्हा तिने सांगितलं.

मग मी साइमकडे गेलो. इथल्या कोळणी लग्नानंतरही बापाचंच नाव लावतात, हे मला आतापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कर्स्टन डौईच्या नवऱ्याचं नाव काय? साइम म्हणाला, "जेम्स गौर्ली. भला माणूस. मुलगा वॉल्टर, सुतार." एवढं बोलून तो फळीवरच्या पाकिटांकडे बघत राहिला. तुमच्या नावाची पाकिटं महिनाभर त्याच्याच हातून गेली आहेत. मग म्हणाला, "गौर्ली काय, फाइफमध्ये पुष्कळ आहेत." मीही म्हटलं, पुष्कळ आहेत.

मी कुणाला सांगितलेलं नाही. तिलाही नाही. मला तो अधिकार नाही.

पण एक गोष्ट मी तिला विचारली, आणि ती तुम्हाला कळायलाच हवी, मग मला कामावरून काढा. मी विचारलं, "आजी, मुलगा शेवटचं काय बोलला?"

ती म्हणाली, "तो कुठला बोलतोय, मीच बोलले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहार घेऊन आला फळ्या उचकटायला. आयलीला सकाळपासून सुरू झालं होतं. एक फळी निघाली असती तर तो आत आला असता. आत आला असता तर मेला असता, माझं पोर आहे, मला माहीत नाही का? म्हणून फळीला तोंड लावून सांगितलं, तू माझा मुलगा नाहीस. चालता हो, पुन्हा तोंड दाखवू नकोस. चांगलं दणकून सांगितलं. त्याशिवाय तो हलतोय कसला!"

"रागावला होतात त्याच्यावर?"

"रागवायला वेळ कुणाला होता रे? पोरगी ओकत होती आत."

"मग?"

"मग पहार खाली पडल्याचा आवाज आला. गेला." तिने जाळं ओढून घेतलं, एक गाठ मारली. मग म्हणाली, "ऐकेल असं वाटलं होतं. इतकं ऐकेल असं नव्हतं वाटलं."

तिचे शब्द जसेच्या तसे आहेत. मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवले.

आर्ची टेनंट


एडिनबरा
१९ ऑक्टोबर १८५४

टेनंट,

तुम्हाला कामावरून काढणार नाही. काढायचे झाले तर मला काढावे लागेल.

हे पत्र मी चार वेळा सुरू केले. आता जसे येईल तसे लिहितो.

मालक म्हणाला होता, तीन दिवस. मी खिळे अर्धेच ठोकले होते, म्हणजे काढताना त्रास नको. पालिकेचा माणूस आला, त्याने फळी हलवून पाहिली आणि म्हणाला, पुरे ठोक. मी ठोकले. आई आतून बघत होती. शेवटची फळी तिच्या तोंडासमोर बसली. ती एक पाऊल मागे सरकली, बोटं सापडू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवसाचे तुम्हाला माहीत आहे. मला वाटत होते मला माहीत आहे.

मी खाडी ओलांडून लीथला आलो, गोदीत काम धरले. पुढच्या वर्षी किनलॅथीचा एक होडीवाला भेटला. त्याने मला ओळखले नाही. मी विचारले, स्टीकिट गल्लीतल्या गौर्लींचे काय झाले? हे नाव तेव्हाच पडले होते. तो म्हणाला, "गौर्ली? गेले सगळे." मी त्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या कुणाला विचारले नाही. पुढे रेषा मारता येतात म्हणून या खात्यात लागलो. सुताराला रेषा मारता येतातच.

किनलॅथीची वही माझ्याकडे आली तेव्हा ती दुसऱ्याला देता आली असती. मी दिली नाही. मला ते नाव माझ्या हाताने खोडायचे होते. घर पडले असेल असे वाटले होते, म्हणून विचारले. तेरा सप्टेंबरला तुमचे पत्र आले, त्यात "नाव कर्स्टन डौई" असे लिहिले होते. मी ती ओळ वाचली आणि खिडकी उघडायला उठलो. शेजारच्या कारकुनाने विचारले, बरे आहे ना? मी म्हटले, शाई नीट नाही.

त्यानंतरही मी तुम्हाला नाव खोडायला सांगितले. तिच्यासाठी म्हणून सांगितले, पण ते माझ्यासाठी होते.

काल मी मुख्य तपासनीसांना सगळे सांगितले. एकोणीस नंबरशी माझा संबंध आहे, त्यावर मी निर्णय देणे गैर होते. ते काम आता दुसरे तपासनीस मिसेट यांच्याकडे गेले आहे. ते कडक आहेत पण सरळ आहेत. त्यांचे म्हणणे: गल्लीतल्या नावासाठी गल्लीतले तीन साक्षीदार आणा, मग तुमची नोंद जशी आहे तशी घेऊ.

तिला सांगू नका. सांगायचे तर मी सांगायला हवे. यावे की नाही हे मात्र मला ठरवता येत नाही. तुमच्या पत्रातले तिचे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे. बावीस वर्षं मी तिचे म्हणणे पाळले, ही एकच गोष्ट मी नीट केली असे मला वाटत होते.

वॉल्टर गौर्ली


किनलॅथी
२४ ऑक्टोबर १८५४

गौर्ली साहेब,

गल्लीतले दोन साक्षीदार झाले. पहिली जेनेट स्वॅन, माशांची टोपली घेऊन फिरते. ती म्हणाली, "माझा भाऊ यात गेला. कुठे अंगठा करू?" दुसरा रॅनी. त्याने रंधा खाली ठेवला, हात पुसले, म्हणाला, "माझी दोन पोरं." मग म्हणाला, सही शेवटी करीन, तिसरा कोण येतोय ते बघून. पण करणार.

तिसरी म्हणून मी अर्थातच आजीकडे गेलो. ती नाही म्हणाली!

मला वाटलं, घाबरली असेल ऑक्टरलोनींना. तर कसलं काय. तिने मला नोंद दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "कर्कच लिही."

"अहो, पहिल्या दिवशी तुम्हीच तर दार आपटलंत माझ्यावर!"

"तेव्हा तुझ्या वहीवरून कोपऱ्यावर पाटी लागणार हे कुठे ठाऊक होतं? मला वाटलं वहीत लिहून घेऊन जाशील. पाटी लागली तर तो कधी आला तर वाचेल. वाचून तिथूनच मागे फिरेल. त्याला मी ओळखते."

म्हणजे साहेब, तुम्ही तिच्यासाठी नाव खोडताय आणि ती तुमच्यासाठी. मधल्या मधे चौदा माणसं खोडली जातायत, ज्यांना चर्चच्या भिंतीपलीकडे एकाच खड्ड्यात पुरलं आणि वर साधा दगडही नाही. आजीच्या हिशेबाने मी तुमच्याहून सोळा वर्षांनी लहान आहे आणि तुमच्या हाताखाली आहे, तरी हे लिहितो.

गल्लीत जुनी माणसं आणखी नाहीत. बाकीची घरं नंतर आलेल्यांची आहेत, मिसेट साहेब ते मान्य करणार नाहीत.

मी शुक्रवारी पुढच्या गावी जातो आहे. वही साइमकडे ठेवतो, तिसऱ्या साक्षीदाराची जागा कोरी. एकतीस तारखेला ती एडिनबराला निघेल, भरलेली किंवा कोरी. तिसरा साक्षीदार गल्लीत जन्मलेला आणि साथीच्या वेळी तिथे हजर असलेला हवा. तो गल्लीच्या आतल्या बाजूलाच हवा असं नियमात कुठे लिहिलेलं नाही. मी पाहिलं.

फोर्थच्या खाडीवरची सकाळची बोट आठला सुटते.

आर्ची टेनंट


किनलॅथी
३ नोव्हेंबर १८५४

प्रिय टेनंट,

गेल्या शनिवारी मी इथे आलो. आठवड्याची रजा घेतली आहे, उद्या परत निघेन. काय झाले ते तुम्हाला कळवणे माझे कर्तव्य आहे.

बाजारात मला कुणी ओळखले नाही. गल्लीच्या तोंडाशी मी थोडा उभा राहिलो. मग उतरलो. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून विणत होती. मी खाली थांबलो.

"कोण पाहिजे?"

मी टोपी काढली. म्हटले, "वॉल्टर."

"कोणता वॉल्टर?" ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिच्या हातातली जाळ्याची सुई खाली पडली. ती पायऱ्यांवरून घरंगळत माझ्या पायाशी आली. मी ती उचलून वर घेऊन गेलो.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, मग डोक्याकडे. "केस कुठे गेले तुझे?" म्हणाली. मग माझी बाही धरली, ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही. लापशी करतानासुद्धा एका हाताने केली.

रडणे वगैरे झाले, ते लिहीत नाही. झोपताना ती मला रागे भरली. "लहानपणापासून एक शब्द ऐकला नाहीस माझा. पाय पूस म्हटलं तर नाही, टोपी घाल म्हटलं तर नाही. नेमकं तेवढंच ऐकलंस!" मी म्हटले, "तू दणकून सांगितलंस." ती म्हणाली, "सांगणारच. खोटं दणकूनच सांगावं लागतं."

सोमवारी मी साइमकडे जाऊन वही मागितली. तिला आधी सांगितले होते. ती म्हणाली, "तू साक्ष देणार? लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "जे झालं तेच म्हणतील." ती शाल घेऊन माझ्याबरोबर आली.

साइमच्या दुकानात ऑक्टरलोनी होते. मला विचारले, "आपण कोण?" मी म्हटले, "फळ्या ठोकल्या तो." दुकानातली चार-पाच माणसे वळून बघू लागली. ऑक्टरलोनींनी हातातले पाकीट फळीवर ठेवले. मग म्हणाले, "तुम्हाला हुकूम होता." मी म्हटले, "हो. आणि हात माझे होते." ते टोपी घालून बाहेर गेले. त्यांनी हरकत पाठवलेली नाही, मिसेट यांचे पत्र काल आले.

नोंद आता अशी आहे: "स्टीकिट गल्ली, म्हणजे बंद गल्ली. चर्चपासून किनाऱ्यापर्यंत उतरणारी अरुंद गल्ली, तळाशी सात पायऱ्या. सन १८३२ च्या पटकीत नगरपालिकेच्या हुकुमाने हिची दोन्ही तोंडे फळ्या ठोकून एकोणीस दिवस बंद ठेवली होती, त्यावरून हे नाव. आत चौदा माणसे मृत्यू पावली." शेवटचे वाक्य मी घातले. मिसेट यांनी ते ठेवले. साक्षीदार: जेनेट स्वॅन, अंगठा. वॉल्टर गौर्ली, सुतार. डेव्हिड रॅनी, पीपे करणारा.

रॅनी माझ्याशी बोललेला नाही. मी दोनदा त्याच्या दाराशी गेलो, दोनदा त्याने रंधा चालूच ठेवला. सही मात्र त्याने माझ्या सहीखालीच केली आहे. त्याहून जास्त मी मागू शकत नाही.

छप्पर मी दुरुस्त केले. तुमची माहिती बरोबर होती, पलंगाच्या पायथ्याशीच गळत होते.

नंबर ७, १२ आणि २६ चे साक्षीदार तुम्ही अजून पुरे केलेले नाहीत. कचेरीत गेल्यावर त्याबद्दल वेगळे पत्र येईल.

आई आत्ता बंदरावर निघाली आहे. दारातून मागे वळून विचारते आहे, "पुढच्या शनिवारी येणार असशील तर आत्ताच सांग. मासा किती घ्यायचा ते मला कळायला हवं."

तिला सांगितले आहे, दोघांचा घे.

तुमचा,
वॉल्टर गौर्ली